सेटरची खोली

पपांनी त्या रविवारी प्रवचन मधेच सोडलं. वाक्य मधे सोडलं नाही. वाक्य पुरं केलं, रुमालाने कपाळ टिपलं आणि "आपण प्रार्थना करू," म्हणून डोळे मिटून घेतले. कोणी नवखा असता तर त्याला वाटलं असतं, संपलं. पण आमच्या शेरॉन ग्रोव्ह चर्चच्या मंडळीत पाळकाचा श्वास कुठे मोडला हे शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्यालाही कळतं. पहिल्या बाकावर पांढऱ्या पोशाखात बसणाऱ्या मदर पेटीग्रू, आमच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, हलकेच म्हणाल्या, "सावकाश, पाळकसाहेब, सावकाश." पण पपांनी डोळे मिटलेच होते. मग सगळ्यांनीच मिटले. मी तेवढी उघड्या डोळ्यांनी ऑर्गनकडे बघत राहिले. त्याच्यावर सप्टेंबरपासून जाळीदार कापड घातलेलं होतं, आणि कापडावर कुणीतरी गीतांची पुस्तकं रचून ठेवली होती, जणू ते एखादं टेबलच.

पपा बोलायला लागत ते कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलावं तसे. घरातलं, रस्त्यावरचं, लहानपणचं काहीबाही. मग कुठेतरी शब्द लांबायला लागत. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक श्वास येई, अर्धा खोकला नि अर्धा सूर. त्या श्वासावर मंडळी "हो" म्हणे, "सांगा" म्हणे. आणि मग आईची बोटं ऑर्गनवर पडत. एकदाच. तो सूर त्यांच्या शब्दांखाली इतका अलगद येऊन बसे, की शब्दाने जमीन कधी सोडली ते कळतच नसे. त्यानंतर ते बोलणं राहत नसे. माणसं उभी राहत, रडत, हसत, आणि पपा आर्कन्सातल्या पुराची गोष्ट गात असत. त्यांच्या आजीच्या गावची माणसं बांधावर रांगेने उभी राहून वाळूची पोती हातोहात पुढे देतायत. पहिल्या माणसाने पोतं भरलं, त्याचं नाव गावाला माहीत. शेवटच्याने बांधावर ठेवलं, त्याचंही. पण मधल्या हाताचं नाव कोणी विचारलं, पपा विचारत, मधल्या हाताचं, हं, नाव कोणी विचारलं? आणि आई मान खाली घालून, हसू दाबत, पुढचा सूर देई.

आईचं मूत्रपिंडाचं दुखणं पाच वर्षं चाललं आणि मग सप्टेंबरात एका आठवड्यात आटोपलं. त्यानंतर पपा प्रवचन सांगत, गात नसत. पण त्या रविवारी त्यांनी पुन्हा ती पोत्यांची गोष्ट काढली. शब्द लांबायला लागले, श्वास आला, मंडळी "हो" म्हणाली. पपांनी आवाज वर नेला आणि डावीकडे, ऑर्गनकडे बघितलं. बघायचं नव्हतं त्यांना, मान आपसूक वळली. आणि ते थांबले. वर उडवलेला चेंडू खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. मला तीन सूर येतात. आईने शिकवलेले, तेवढेच. ऑर्गन माझ्या बाकापासून आठ पावलांवर होता. मी उठले नाही.

शुक्रवारी मी सेंट लुइसहून बस धरली ती मनात हे घेऊन. पपांनी चंदेरी कागदात तळलेली कोंबडी आणि पावाचे दोन तुकडे बांधून दिले होते, आणि मांडीवर घ्यायला आईची लाल शाल. हॅरो क्रीक नावाचं कॉलेज, आयोवात, मक्याच्या उघड्या शेतांमध्ये. तिथे मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ होता आणि त्यांना सेटर, म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारी, हवी होती. अख्ख्या वर्षात मला आलेलं हे एकच पत्र. तीन दिवस राहायचं, त्यांनी मला बघायचं, मी त्यांना बघायचं, आणि रविवारी दुपारी निघायच्या आधी होय किंवा नाही सांगायचं. होय म्हटलं तर चार वर्षांचं शिक्षण जवळजवळ सुटत होतं. नाही म्हटलं तर शाळा संपल्यावर पुढे काय, याला घरात कोणाकडे उत्तर नव्हतं. शाळेतले आमचे बोल्डनसर म्हणाले होते, तू त्यांना आवडशील की नाही याची काळजी सोड, ते त्यांचं काम. तू त्यांना पारखायला चाललीयस. आणि त्यांनी पिवळ्या कागदावर प्रश्न लिहून दिले. तिसऱ्या नि चौथ्या वर्षाला किती मुली उरल्यात? गुण गेला की एकमेकींच्या हाताला हात लावतात का? लावताना तोंडाकडे बघतात का? आणि सगळ्यांत खाली, अधोरेखित करून, हा प्रश्न तिथल्या मुलीलाच विचार, कोचला नको: उद्या पाय मोडला, खेळ संपला, तरी या कॉलेजात राहावंसं वाटेल का तुला?

बस थांबली तिथे कोच हेवरकॅम्प घ्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, आखूड करडे केस, हात मिळवताना माझे तळवे उलटे करून बोटं बघणाऱ्या. त्यांनी मला थेट भोजनगृहात नेलं आणि एका टेबलाशी बसवलं. तिथे मॅरिट एलेफ्सन आधीच बसलेली होती. तिसऱ्या वर्षाची, तीन दिवस मी तिच्याच खोलीत राहणार होते. गोरी, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि हसताना तोंडापुढे हात नेणारी. ताटात गोड टोमॅटोच्या रसातले डुकराच्या मांसाचे गोळे होते. मॅरिट म्हणाली, हे खाऊन टिकलीस तर बाकीचं सोपं आहे. मला ती आवडली. मला ती आवडली हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याने अवघड झालं. तर मी माझा कागद काढला. घाबरले की मी पाठ केलेलं घडाघडा म्हणते, मंडळीत वचन म्हणायला उभी राहिले तरी तसंच. मी खाली कागदात बघतच एकेक विचारत गेले आणि शेवटचा आला.

"उद्या तुझा पाय मोडला, तरी इथे राहावंसं वाटेल का तुला?"

मी वर बघितलं. ती तोंडापुढे हात धरून हसत होती. मग तिने खुर्ची मागे सरकवली आणि एक पाय टेबलाखालून ताठ बाहेर काढला. गुडघ्याभोवती पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना लोखंडी बिजागऱ्या.

"मोडलाय ना," ती म्हणाली. "बघ, राहिलेय."

माझ्या कानापर्यंत रक्त चढलं. मी माफी मागायला लागले तेव्हा ती म्हणाली, अगं, सगळ्याच विचारतात हा प्रश्न, मीही विचारला होता. ऑक्टोबरात उडी मारून खाली येताना गुडघा आतल्या बाजूला वळला, आवाज दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकांना ऐकू गेला, शस्त्रक्रिया झाली, ऑगस्टपर्यंत होईल ठीक. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, जसं एखादी आपला पत्ता सांगते. मी विचारलं, तू कुठे खेळतेस. ती म्हणाली, सेटर. मग आम्ही दोघी थोडा वेळ ते गोळे खात बसलो.

जेवण झाल्यावर कोचनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. व्यायामशाळेच्या मागची अरुंद खोली, कपाटावर चषक, खिडकीबाहेर घट्ट झालेला मळका बर्फ. त्यांनी दार लावून घेतलं. तुझ्या खेळाची फीत मी चारदा बघितलीय, त्या म्हणाल्या. तू चेंडू देतेस तेव्हा आवाज येत नाही. पहिल्या दिवसापासून तू खेळशील, बाकावर बसवून ठेवणार नाही, हा माझा शब्द. मी मॅरिटबद्दल विचारलं. कोच टेबलावरचं पेन सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅरिट परत येणार नाही. डॉक्टरांचं माझ्याशी बोलणं झालंय. तिला अजून सांगितलेलं नाही, आणि तूही आत्ता काही बोलू नकोस. या दिवसांत तिला उमेद लागते." त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता. तो असता तर मला बरं पडलं असतं. एखाद्या घरात आजाऱ्याच्या दाराबाहेर बोलतात तसं त्या बोलत होत्या, आणि मी तशीच मान हलवली. मान हलवायची सवय मला पाच वर्षांची होती.

मॅरिटची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिना ती एकेक पायरी चढे, चांगला पाय आधी, मग दुसरा त्याच्या शेजारी, आणि प्रत्येक पायरीवर माझ्याकडे वळून काहीतरी बोले, म्हणजे मी तिच्यासाठी थांबलेय असं वाटू नये. जमिनीवर माझ्यासाठी गादी घातलेली होती. चादर चारी बाजूंनी खोचलेली, वर टॉवेल, टॉवेलवर साबणाची नवी वडी. गुडघा वाकत नसलेल्या मुलीने ही चादर कशी खोचली असेल, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. ती जमिनीवर बसली असेल, पाय लांब करून, आणि सरकत सरकत चारी कोपरे केले असतील. मी त्या चादरीवर झोपले.

शनिवारी सकाळी खेळ होता. मला त्यांच्या मुलींमध्ये सेटरच्या जागी उभं केलं आणि मॅरिट कडेला स्टुलावर पाटी मांडीवर घेऊन बसली, कोणी किती चेंडू घेतले याच्या खुणा करत. सुरू व्हायच्या आधी मी भिंतीवरची वर्षावर्षांची छायाचित्रं बघून घेतली, बोल्डनसरांनी सांगितल्याप्रमाणे. या वर्षीच्या चित्रात पहिल्या वर्षाच्या बारा मुली, दुसऱ्याच्या पाच, तिसऱ्याच्या दोन, चौथ्याची एक. गेल्या वर्षीही पहिल्या वर्षाच्या अकरा. चेहरे लक्षात ठेवून मी पुढच्या चित्रात शोधले, सहा सापडल्या नाहीत. हसऱ्या, केसांना एकाच रंगाच्या फिती बांधलेल्या, एका वर्षापुरत्या. कुठे गेल्या त्या? आमच्या मंडळीच्या दालनातही भिंतीवर चित्रं आहेत आणि त्यांतली माणसंही कमी होत जातात. पण त्यातला प्रत्येक जण कुठे गेला ते मदर पेटीग्रू बोट ठेवून सांगतात.

पहिली दहा मिनिटं माझे हात लाकडाचे होते. मग एक चेंडू मागून आला, उंच, जरा आत, आणि मी त्याच्याखाली गेले. दहा बोटांत तो एक क्षण होता आणि नव्हता. पलीकडच्या मुलीने तो जाळीवरून असा मारला की फरशी घुमली. सगळ्या तिच्याकडे धावल्या. हे मला फार आवडतं, कुणाला सांगितलं नाही तरी. पहिला हात चेंडू वाचवतो, तिसरा मारतो, दुसरा फक्त मधे असतो, आणि दुसऱ्याचं काम बरोबर झालं असलं तर कोणी त्याच्याकडे बघतच नाही. त्या क्षणी मला आईची पाठ दिसली. ऑर्गनवर वाकलेली, निळा पोशाख, मानेवर एक बट सुटलेली. आणि मला वाटलं, मी इथे राहीन, मला हेच हवंय, इथे त्या कापड घातलेल्या ऑर्गनकडे बघावं लागणार नाही. हे वाटलं तेव्हा लाज वाटली, पण वाटायचं थांबलं नाही. गुण गेला की मुली हाताला हात लावत होत्या. तोंडाकडे बघत नव्हत्या. एकीने सलग तीन सर्व्हिस जाळीत घातल्या तेव्हा बाकीच्या पाच जणी आपापल्या बुटांच्या नाड्या बघत उभ्या राहिल्या, आणि ती पोरगी मधे एकटीच टाळ्या वाजवत होती.

विश्रांतीत मॅरिटने मला स्टुलापाशी बोलावलं. तुझा डावा खांदा चुगली करतो, म्हणाली. मागे द्यायचा असला की आधी खांदा पडतो, समोरच्यांना कळतं. तिने बसल्या बसल्या माझा खांदा दोन बोटांनी वर धरला आणि दुसऱ्या हाताने चेंडू उडवला. पुन्हा. पुन्हा. पंधरा वीस वेळा. कोच लांबून बघत होत्या, मग त्यांनी पाठ फिरवली. शेवटच्या चेंडूला खांदा पडला नाही. मॅरिटचा चेहरा उजळला, आणि मी चेंडू उचलायला खाली वाकले. ती मला माझ्या नव्हे, तिच्या जागेसाठी तयार करत होती, आणि ते दोघींपैकी एकीलाच माहीत होतं, असं मला त्या वेळी वाटत होतं.

संध्याकाळी जेवायला जायच्या आधी ती गुडघ्याचे व्यायाम करायला बसली. बाकी मुली तिला टाळतात असं नाही, पण दिवसभरात तिच्या खोलीत कोणी आलं नव्हतं. दुखण्यात पडलेल्या माणसाच्या खोलीला एक शांतता असते, ती मला वासावरून ओळखता येते. टाच पलंगावर घासत तिने पाय जवळ ओढला, ओठ दाबले, आणि प्लास्टिकचं मोजायचं साधन गुडघ्याला लावून मला म्हणाली, आकडा तू वाच, मी वाचला की मी चोरी करते. एकशे आठ. काल एकशे सात होता, ती म्हणाली. मग ते साधन हातात धरूनच तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे फिकट, पाण्यासारखे होते. त्या डोळ्यांना काही लपवायला जागाच नव्हती.

"ऑगस्टपर्यंत होईल ना गं?"

"होईल की," मी म्हणाले.

इतकं सहज निघालं ते. आईलाही मी असंच म्हणत असे. डिसेंबरपर्यंत होईल ना, ईस्टरपर्यंत होईल ना. होईल की. आईला खरं माहीत होतं आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे, आणि तरी आम्ही दोघी त्या शब्दाला दोन्ही बाजूंनी धरून बसलो होतो. मंडळीत मरणाबद्दल इतकं गातात, मोठ्याने, हात वर करून. पण आमच्या घरात, ऑर्गनवरच्या त्या बाईला, तू चाललीस असं मी एकदाही म्हटलं नाही, आणि तिला मला जे सांगायचं असेल त्यासाठी दारच उघडलं नाही. मॅरिटने मान हलवली. साधन डब्यात ठेवलं, डबा उशाशी ठेवला. नंतर ती बराच वेळ माझ्याशी इतकी गोड वागली, की मी ताट अर्धं टाकून उठले.

रविवारी सकाळी ती मला कॉलेजच्या उपासनेला घेऊन गेली. उंच पांढऱ्या भिंती, स्वच्छ काचा, लोक एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसलेले. त्यांचं गाणं सुरेख होतं, चार आवाज चार पायऱ्यांवर नीट उभे. मी त्यांना नावं ठेवत नाही, देव त्या भिंतींतही होता. त्या दिवशी बोलायला शेवटच्या वर्षाची एक बारीक मुलगी होती. तिने कागदावरून सुरुवात केली. आजोबांच्या शेताबद्दल बोलत होती. शेत विकलं, गुरं विकली, आणि शेवटची गाय गाडीत चढेना तेव्हा आजोबा तिच्या कानात काहीतरी बोलले, असं म्हणून तिचा आवाज गेला. ती कागदाकडे बघू लागली. कागदावर पुढचं होतं, पण तिला ते दिसत नव्हतं. लोकांनी माना खाली घातल्या. सगळ्यांनी एकदम, शिस्तीत, आपापल्या मांडीकडे. ते थांबणं वाढत गेलं आणि माझ्या छातीवर कोणीतरी गुडघा ठेवल्यासारखं झालं, आणि मला कळायच्या आत माझं तोंड उघडलं.

"सावकाश, बाई, सावकाश."

सगळी डोकी वळली. मागच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने चष्मा काढून मला बघितलं. मी बाकात शिरायची तेवढी राहिले. पण त्या मुलीने मान वर केली, मला शोधलं, श्वास घेतला आणि कागद बाजूला ठेवून आजोबा गाईच्या कानात काय बोलले ते सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मॅरिट शेजारी थरथरत होती. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं आणि छपरांवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. मॅरिट पायऱ्यांच्या कठड्याला टेकून उभी राहिली. तुमच्याकडे अडलेल्या माणसाला असं बोलतात का, तिने विचारलं. मी म्हटलं, हो, नाहीतर त्याला कसं कळणार की आपण तिथे आहोत. ती म्हणाली, इथे नाही बोलत, इथे मांडीकडे बघतात, त्याला आदर म्हणतात. मग कठड्यावरचा बर्फ बोटाने खरवडत तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ती स्वतः पारखायला आली, तेव्हा तिला जोआना नावाच्या मुलीच्या खोलीत ठेवलं होतं. जोआना सेटर होती. गुडघा नव्हे, तिची पाठ गेली होती. जोआनाने तिला गरम कोको करून दिला, खांद्याची चुगली जोआनानेच पकडली. कोचनी मॅरिटला बंद दाराआड जोआनाबद्दल तेच सांगितलं, जे प्रत्येक पाहुणीला सांगत असतील. "या संघात ज्या मुलीची जागा रिकामी होणार, तिच्याच खोलीत पाहुणी ठेवतात," मॅरिट म्हणाली. "मुद्दाम नाही गं. सेटरला सेटर भेटावी म्हणून. जोआनाने मला सरळ विचारलं होतं. मी म्हणाले, मला काही माहीत नाही. आणि तिचा कोको प्यायले. नाताळात ती सामान भरून घरी गेली ती गेलीच." तिने बोटावरचा बर्फ पुसला. "परवा कोचनी सांगितलं की तू येतेयस, तेव्हा मी म्हणाले, माझ्या खोलीत ठेवा. मला वाटलं, नाही म्हणतील. दुसऱ्या कुणाकडे ठेवतील. तर म्हणाल्या, बरं होईल." आणि मग ती म्हणाली, "लीथा, काय सांगितलं त्यांनी तुला?"

आता बोलायचं होतं. आत, तीनशे माणसांत, अनोळखी मुलीसाठी माझं तोंड आपसूक उघडलं होतं. इथे एकच होती, आणि विचारत होती. पण बोलले तर जागा जाणार. कोच शब्दाच्या पक्क्या होत्या आणि मी त्यांना मान हलवून शब्द दिला होता. माझ्या डोळ्यांपुढे शाळेनंतरची माझी वर्षं आली, पपांच्या शेजारच्या बाकावर बसून काढलेली, त्या डावीकडच्या कापडासमोर. मी माझ्या बुटांकडे बघितलं. मॅरिट कठड्यापासून सरळ झाली. नंतर "चल, कोच थांबल्या असतील," म्हणाली, आणि माझ्यापुढे पायऱ्या उतरू लागली, वाईट पाय आधी.

कोचच्या खोलीत ती माझ्याबरोबर आत येईल असं मला वाटलं नव्हतं. कोचनाही नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली, मॅरिट बसली नाही. म्हणाली, कोच, ही चांगली आहे, हिला घ्या. पण मला एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे, मी ऑगस्टमध्ये खेळणार आहे का? कोच उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी मॅरिटच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात माया होती, मी शपथेवर सांगेन. आत्ता कशाला ते, म्हणाल्या. डॉक्टर काय म्हणतात बघू, तू व्यायाम चुकवू नकोस, आपण दोन सेटर घेऊनही खेळू शकतो की. आणि मॅरिटच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. विनवल्यासारखं. टेबलावर माझ्या नावाचा कागद होता, सही करायच्या जागी पेन्सिलीने छोटी फुली केलेली. मॅरिट मान डोलवत होती, लहान पोरीसारखी, आणि मला दिसलं की ती विश्वास ठेवायला तयार आहे. अजूनही. उद्या ती पुन्हा टाच घासेल आणि आकडा वाचायला कोणी नसेल.

"कोच," मी म्हणाले, "शुक्रवारी तुम्ही मला असं नाही सांगितलंत."

माझा आवाज मला लांबून ऐकू आला. कोचचा हात खांद्यावरच राहिला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू म्हातारा. खिडकीबाहेर छपरावरून बर्फाचा एक तुकडा सुटून खाली पडला, तरी कोणी तिकडे बघितलं नाही.  मग कोच बोलल्या, अगदी हळू, मॅरिटच्या केसांत तोंड घालून बोलल्यासारख्या.

"नाही, बाळ. तू खेळणार नाहीस. कधीच नाही."

मॅरिट "थँक्यू" म्हणाली. तिथल्या लोकांची रीतच तशी, वाईट बातमीचेही आभार मानतात. आणि मग तिथेच उभ्या उभ्या ती रडायला लागली, तोंडापुढे हात न नेता, मोठ्याने. ऑक्टोबरपासूनचं सगळं एकदम. कोचही रडत होत्या. मी त्या दोघींच्या मधे नव्हते, बाजूलाही नव्हते, दारापाशी माझी पिशवी पायाशी घेऊन उभी होते. बऱ्याच वेळाने कोचनी डोळे पुसले, टेबलापाशी गेल्या आणि माझ्या नावाचा कागद उलटा करून ठेवला. फाडला नाही. मला म्हणाल्या, जपून जा, तुझ्या वडिलांना नमस्कार सांग. त्या बाईंवर माझा राग नाही. कॉलेजचं पत्र पुढे आलं नाही, आणि मी वाटही बघितली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मेपर्यंत रोज बघितली.

बसपर्यंत मॅरिटने गाडीने सोडलं. उजवा पाय चांगला होता, गाडी चालवता येई. चाळीस मिनिटं दोन्ही बाजूंना मक्याचे कापलेले बुंधे बर्फातून वर आलेले, मैलोन्‌मैल, खडबडीत दाढीसारखे. ती एकदाच बोलली. म्हणाली, मी जोआनाला पत्र लिहीन. थोड्या वेळाने म्हणाली, तिचा पत्ता कोणाकडे असेल कोण जाणे. मी तिला विचारलं नाही की आता ती काय करणार, कॉलेजात राहणार का. तो प्रश्न मी एकदा विचारून चुकले होते. मला एवढंच वाटत होतं की मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलंय आणि ते मला मिळालेलंही नाही, आणि तरी हात हलके वाटत होते. आईच्या अंत्ययात्रेच्या दिवशी घरी येऊन बूट काढल्यावर पाय तसेच हलके झाले होते, आणि त्याची लाज वाटून मी ते पुन्हा घातले होते.

बस आली. मी पिशवी घ्यायला गाडीच्या मागे गेले तर मॅरिट आधीच उतरून तिथे होती. मी नको नको म्हणेपर्यंत तिने पट्टा धरला. पिशवी जड होती, मी घरून निघताना जणू राहायलाच चालल्यासारखी भरली होती. बसच्या पायरीवर ठेवायची तर एक पाय वर टेकून उचलावं लागणार. तिने वाईट पाय जमिनीवर घट्ट रोवला, चांगला पायरीवर ठेवला आणि सगळा भार त्या मोडक्या गुडघ्यावर घेऊन पिशवी वर ढकलली. बिजागऱ्या कुरकुरल्या. तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत, सरळ तोंडाकडे, मी आत चढेपर्यंत.